नुसतं बघायला आलेली यमूआत्या

दुकानात शिरताना चपला दाराबाहेर काढून ठेवणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. तिने चपला काढल्या, उजवा पाय आधी आत टाकला, भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले आणि मोठ्यांदा विचारलं, "बसायचं कुठं?"

तसबीर कुठल्या देवाची नव्हती. आमच्या कंपनीच्या संस्थापकांची होती. पण यमूआत्याने हात जोडले म्हटल्यावर तिच्यामागून आलेल्या चार बायकांनीही जोडले, आणि पुढे दुकान चालू होतं तोवर दहिवलीकडच्या निम्म्या बायका आमच्या संस्थापकांना नमस्कार करूनच आत यायच्या. एकीने तर त्यांना जास्वंद वाहिली. आमच्या मॅनेजरांना, देवस्थळी साहेबांना, याचं फार कौतुक वाटलं. ते मुंबईच्या हेड ऑफिसला पत्र लिहून हे कळवणारही होते. संस्थापक अजून चांगले हिंडते-फिरते आहेत हे मी आठवण करून दिलं, तेव्हा त्यांनी पत्र फाडलं.

रॉकेलसाठी रांगा लागायच्या त्या काळातली ही गोष्ट. 'चंद्रकोर भांडार' या नावाची मुंबईची कंपनी गावोगाव शाखा काढत कल्याणला आली आणि तिथून आमच्या कर्जतला. सगळ्या शाखांना तीच निळी पाटी, तीच काचेची कपाटं, आणि गल्ल्यावर तोच फलक, 'एकच भाव'. मी भांडी आणि कपबशांच्या काउंटरवर होते. शेजारी साबण-तेलाकडे भिसेगावची सुमन. पलीकडे छत्र्या, कंदील, खिळेमोळे सांभाळायला रफिक. आम्हा तिघांवर देवस्थळी साहेब.

गावात या दुकानाबद्दल दोन तट होते. बाजारातले जुने दुकानदार म्हणायचे, "तिथं काय, माणसाला कोण ओळखत नाही." शाळेतले एक गुरुजी म्हणायचे, "म्हणून तर मी तिथे जातो." ठाकूरवाडीवरून उतरून येणाऱ्या बायकांना आमचं दुकान आवडायचं, कारण इथे तराजूवर कोणाचा अंगठा पडत नसे आणि त्यांना कोणी बाहेर थांब म्हणत नसे. उलट बाजारपेठेतल्या म्हाताऱ्यांना ते अजिबात आवडायचं नाही, कारण इथे तंबाखू चोळत तासभर गप्पा मारता येत नसत.

यमूआत्या कुठल्याच तटात नव्हती. ती रोज जेवणं आटोपली की दहिवलीहून पूल ओलांडून चालत यायची आणि नुसतं बघायची.

घरची भातशेती होती, खाऊन-पिऊन बरं होतं, मूलबाळ नव्हतं. नवरा, ज्यांना सगळे तात्या म्हणत, दिवसातून चार शब्द बोलायचे, त्यातले दोन बैलांशी. यमूआत्याने काय बघितलं आणि त्याबद्दल काय म्हटलं, यावर दहिवली-मुद्रे भागातल्या बायकांची खरेदी ठरायची. तिने एखादं पातेलं वाजवून "बद बोलतंय गं" म्हटलं की ते पातेलं कपाटातच म्हातारं व्हायचं. साबणाचा ती वास घ्यायची, मग कानाशी नेऊन हलवायची. साबणातून काय ऐकू येतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुला नाय येयाचं ऐकू. तू पगारी."

पहिले दोन दिवस मी तिला अहो-जाहो केलं. तिसऱ्या दिवशी ती मागे वळून बघायला लागली.

"काय झालं, आत्या?"

"तुमी तुमी म्हनतेस ना, म्हनून बघते. मी एकलीच आलेय, का माझ्या मागं कोन हाय?"

तेव्हापासून मी तिला अगं म्हणायला लागले.

'एकच भाव' हे तिला मोठं संकट वाटलं. एका निळ्या किटलीवर तिचा जीव जडला होता. मी भाव सांगितला. तिने निम्मा सांगितला. मी फलकाकडे बोट दाखवलं. तिने फलक माझ्याकडून वाचून घेतला आणि बराच वेळ विचार केला.

"बरं, भाव ऱ्हाऊ दे तिथंच," ती म्हणाली. "पर तू बोल तरी. मी कमी सांगते, तू नाय म्हन. मंग मी उठून चालू लागते. दारात पोचले की तू हाक मार."

"आणि मग?"

"मंग मी परत येते. तू तोच भाव सांग."

मी तसं केलं. ती पदर झटकून तरातरा दारापर्यंत गेली, चपलेत पायसुद्धा घातला. मी हाक मारली, "अगं आत्या, ये ये, जाऊ नको!" ती परत आली, हुश्श केलं, "आता कितीला?" मी तोच भाव सांगितला. "बघा बया!" ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "दारातून बोलवून आनते आनि परत तोच भाव!" तिचा चेहरा असा खुलला होता की जणू किटली फुकट मिळाली. किटली तिने घेतली नाहीच. पुढचे आठ-दहा दिवस रोज हा प्रयोग झाला. हाक मारायला मी विसरले तर ती दारातच खोळंबून राहायची आणि खाकरायची. देवस्थळी साहेबांना तिने एकदा हीच विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, "बाई, भावात फरक होणार नसेल तर बोलून काय उपयोग?" ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हा मानूस हाय का मैलाचा दगड?"

एका शनिवारी संध्याकाळी तात्या आले. त्यांनी किटलीकडे बोट दाखवलं, पैसे दिले, पिशवीत घातली आणि गेले. सगळं मिळून दोन मिनिटं. ती जी वस्तू नाकारायची ती त्यांनी मागाहून हळूच घेऊन जायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "आत्या, किटली कशी आहे?" तर तिने मलाच वेड्यात काढलं. "कुठली? आमच्या घरातली? ती तर पयल्यापासून हाय."

छत्रीचा किस्सा रफिक अजून सांगतो. यमूआत्याला छत्री बघायची होती. रफिकने उघडून दाखवली, मिटून दाखवली. ती म्हणाली, "पानी धरते का?"

"कंपनीची हाय आत्या, धरणार नाय म्हंजे काय?"

"तू बोलतंस. छत्री काय बोलतेय?"

रफिक बिचारा भिडस्त. तो दुकानाच्या मधोमध छत्री उघडून उभा राहिला, आत्या साबणाच्या खोक्यावर चढली, आणि सुमनने आणून दिलेला प्यायच्या पाण्याचा तांब्या तिने वरून ओतला. छत्रीने पाणी धरलं. एक थेंब आत आला नाही. पण ते सगळं पाणी काठावरून निथळून नेमकं मागे येऊन उभ्या राहिलेल्या देवस्थळी साहेबांच्या खिशातल्या पावतीपुस्तकावर गेलं. आत्या खाली उतरली, छत्री हातात घेतली, मूठ निरखून बघितली आणि परत दिली.

"कापड झ्याक हाय," ती म्हणाली. "पर मूठ आमच्या सासऱ्याच्या नाकावानी हाय. रोज हातात कशी धरू?"

असं सगळं बरं चाललं होतं. मग मुंबईहून तपासनीस आला.

तो आला तेव्हा दुपार होती, दुकानात कोणी नव्हतं, आणि मी काउंटरमागच्या स्टुलावर बसले होते. आमच्याकडे दोन स्टुलं होती. तिघं जण आळीपाळीने बसायचो. तपासनिसाने वहीत काहीतरी लिहिलं आणि आठवड्यात हेड ऑफिसचं पत्रक आलं. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत कर्मचाऱ्यांनी उभं राहावं, बसलेला विक्रेता बघून गिऱ्हाईकाचं मन खट्टू होतं. दोन्ही स्टुलं मालगाडीने मुंबईला रवाना झाली.

सुमनला तेव्हा सातवा महिना होता. संध्याकाळपर्यंत तिचे पाय असे सुजायचे की चपलेचे पट्टे रुतायचे. एका दुपारी ती तेलाच्या डब्यावर टेकली. साहेब मनाने वाईट नव्हते, पण पत्रकाला फार घाबरायचे. त्यांनी ते कळवलं, आणि चार दिवसांत सुमनला कामावरून कमी का करू नये अशी नोटीस आली. तिचा नवरा पायाला लागून घरी बसलेला. ती नोटीस हातात घेऊन कपाटाच्या मागे रडली, तीही उभ्यानेच.

रफिक कल्याणला जाऊन युनियनच्या पुढाऱ्यांना घेऊन आला. त्यांना सगळे भाई म्हणत. भाई म्हणजे खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी आणि आवाज असा की आमच्या कपबशा किणकिणायच्या. ते म्हणाले, "उद्यापासून संप. दुकानासमोर पिकेटिंग. कोणाला हात लावायचा नाही, कोणाला अडवायचं नाही, फक्त हात जोडून सांगायचं की आत जाऊ नका. पण एक लक्षात ठेवा, गिऱ्हाईक आत गेलं की संप गेला."

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पुठ्ठ्याचे फलक गळ्यात अडकवून उभे राहिलो, तर समोर ही रांग! आम्हाला वाटलं, काय हा पाठिंबा. मग कळलं की बाजारात बातमी पसरली होती, चंद्रकोर भांडाराबाहेर पाकिटं देतायत. पिकेटिंगचं पाकीट झालं होतं. लोक पिशव्या घेऊन आले होते. एक आजोबा तर भांडायलाच लागले की माझ्या पुढच्याला दिलंत आणि मला का नाही. रफिकने त्यांना आमचं पत्रक दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आत काय हाय?"

दुपारी यमूआत्या आली. मागे नेहमीच्या चार बायका.

ती आत गेली तर दहिवली आत जाणार, दहिवलीमागून भिसेगाव, आणि मग सुमनची नोकरी काही वाचत नाही. मी पुढे होऊन हात जोडले.

"आत्या, आज आत जाऊ नको गं."

"का? कोन गेलं का?"

"कोणी गेलं नाही. आम्ही संपावर आहोत. आम्हाला बसायला स्टूल पाहिजे. सुमनला काढायला निघालेत."

तिने सुमनकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे, मग पायांकडे. पायांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पातेलं पारखावं तसं.

"आनि आत कोन हाय?"

"साहेब. एकटेच."

"एकलाच?" ती म्हणाली. "सरक."

"आत्या!"

"सरक गं. मी काय घेते हाय? मी फकस्त बघनार हाय." तिने चपला काढल्या, उजवा पाय आत टाकला, संस्थापकांना हात जोडले, आणि चौघीजणी तिच्यामागून गेल्या.

सुमन पायरीवर मटकन बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. इतके दिवस हिला हाका मारल्या, दारातून परत बोलावली, आणि आज एक दिवस थांब म्हटलं तर थांबली नाही. भाई संतापले. "हेच! ग्राहकवर्गात जाणीवच नाही!" ते ओरडले आणि आत काहीतरी किणकिणलं.

पण मग आतून आत्याचा आवाज आला. "साहेब, ती वरची परात बघू."

साहेब शिडीवर चढले. परात खाली आली. तिने वाजवली. "आता तिच्या शेजारची." ती खाली आली. "नाय, पयलीच बरी. परत दाखवा." तोवर पहिली वर गेलेली होती. दुसऱ्या बाईला सहा प्रकारच्या कपबशा बघायच्या होत्या, सगळ्या ओळीने मांडून. तिसरीला खिळे, पण वेगवेगळ्या लांबीचे, आणि प्रत्येक पुडा सोडून. चौथीला सगळ्या छत्र्या उघडून मुठी बघायच्या होत्या. कोणी काही घेईना. जाताना आत्या दारात थांबली आणि साहेबांकडे बघत उभी राहिली. साहेबांना कळेना. शेवटी मीच बाहेरून म्हटलं, "साहेब, हाक मारा."

दुसऱ्या दिवशी ती बावीस बायका घेऊन आली. मुद्र्याच्या, गुंडग्याच्या, दोन ठाकूरवाडीच्या, आणि रफिकची अम्मीसुद्धा, जी एरवी बाजारात यायची नाही. अम्मीला दुकानातला प्रत्येक कंदील पेटवून बघायचा होता. भाई फलक हातात घेऊन उभे होते.

"या आत जातायत," ते मला हळूच म्हणाले.

"हो."

"पण विक्री होत नाहीये."

"एका सुईचीसुद्धा नाही."

भाईंनी खूप विचार केला. तीस वर्षांच्या चळवळीत त्यांनी असं पिकेटिंग पाहिलं नव्हतं. "मग हे आत जाणं आहे की न जाणं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "भाई, हे बघणं आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचे पाय संपले. शिडीवरून उतरले ते थेट साबणाच्या खोक्यावर टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. यमूआत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, उठा," ती अगदी मायेने म्हणाली. "गिऱ्हाईक उभं हाय. बसलेला मानूस बघून माझं मन खट्टू होतं."

पत्रकातलं ते वाक्य तिला कोणी सांगितलं असेल? मी नाही सांगितलं. रफिक म्हणतो, त्यानेही नाही. साहेबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर पायरीवर बसलेल्या सुमनकडे पाहिलं. ते उठले, सगळ्या बायकांमधून वाट काढत टपाल कचेरीपर्यंत लंगडत गेले आणि मुंबईला ट्रंककॉल लावला. टपाल कचेरीतल्या माणसाने नंतर सांगितलं की साहेब फोनवर पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. आणि ते उभे राहून नव्हे, कचेरीतली खुर्ची मागून घेऊन, तिच्यावर बसून बोलले.

दोन दिवसांनी मालगाडीने स्टुलं परत आली. सुमनची नोटीस मागे घेतली गेली. सोबत नवं पत्रक होतं की दुकानात गिऱ्हाईक नसताना कर्मचाऱ्यांनी बसण्यास हरकत नाही. भाईंनी पायरीवर उभं राहून विजयाचं भाषण केलं. त्यात त्यांनी 'जागृत ग्राहक भगिनी' असा उल्लेख केला, तेव्हा यमूआत्याने मागे वळून पाहिलं, तिच्या मागे कोण आहे म्हणून.

आम्ही मोठ्या आनंदाने कामावर गेलो. आत्या नेहमीच्या वेळेला आली, चपला काढल्या, हात जोडले, आणि सरळ काउंटरमागे येऊन स्टुलावर बसली.

"दमले गं," ती म्हणाली. "तीन दिवस नुसती उभी."

"आत्या, ते आमच्यासाठी आहे!"

"मंग बस की दुसऱ्यावर." दुसऱ्यावर तिने सुमनला दंडाला धरून बसवलं. सुमन उठायला लागली, कारण गिऱ्हाईक दुकानात होतं. आत्या म्हणाली, "मी गिऱ्हाईक नाय. मी आजवर कवा काय घेतलं हाय का? साहेब, इचारा पायजे तर." साहेबांनी मान डोलावली आणि वहीत तोंड खुपसलं.

मी तिला एकदा विचारलं होतं, हे सगळं तू ठरवून केलंस का? ती एका गाळणीची भोकं मोजत होती. "काय केलं मी?" ती म्हणाली. "मी तर बघत हुते. आनि बोलू नको, इसरले ना मी कुठंपर्यंत आले."

सुमनला मुलगी झाली. दोन-अडीच वर्षांनी कंपनीने आमची शाखा आवरती घेतली. संपामुळे नव्हे, माल खपत नव्हता म्हणून. त्यात यमूआत्याचा वाटा किती हे सांगणं कठीण आहे. साहेब कल्याणला गेले, रफिकने स्वतःचं छत्री-दुरुस्तीचं दुकान काढलं, मला खोपोलीला एका कारखान्याच्या कचेरीत काम मिळालं आणि कर्जत हळूहळू सुटत गेलं.

तात्या गेल्याचं मला उशिरा समजलं. भेटायला जायचं राहून गेलं. नंतर कळलं की आत्या आता भाच्याकडे खालापूरला असते.

ती मला शेवटची दिसली ती खोपोलीच्या बाजारात. मी एसटीत बसले होते, गाडी सुटायची होती. रस्त्यापलीकडे टीव्हीचं नवंकोरं दुकान होतं आणि त्याच्या दारात चपलांचा एक जोड होता. मी खिडकीतून वाकून पाहिलं. आत्या पार वाकली होती, केस पांढरेशुभ्र, हातात काठी. पडद्यावर एक बाई बातम्या सांगत होती. आत्याने कान लावून थोडा वेळ ऐकलं, मग पडद्यावरच्या बाईकडे काठी रोखून दुकानदाराला म्हणाली, आणि तिचा आवाज मात्र पहिल्यासारखाच होता, "ही लय रडकी हाय. दुसरी दाखव."

दुकानदार पोरसवदा होता. त्याने हसून काहीतरी समजावलं. आत्याने मान हलवली. मग तिने काठीने टीव्हीच्या बाजूला टकटक केलं, वास घेतला, आणि त्याला खूण केली की हा उलटा फिरव, मागून बघायचाय. त्याने फिरवला. ती वाकून मागच्या भोकांतून आत बघत राहिली.

मी हाक मारणार, तेवढ्यात कंडक्टरने घंटी दिली. गाडी वळली तेव्हा आत्याचं डोकं अजून टीव्हीच्या मागेच होतं, आणि तो दुकानदार डोकं खाजवत स्क्रूड्रायव्हरचा डबा आणायला आत निघाला होता.